ईस्टरला नातवंडं: घरात, वाडीत की फोनवर?

हे २०२१ च्या ईस्टरआधी, करोनाच्या साथीत लिहिलेलं; यातले नियम तेव्हाचे. येत्या रविवारी, ४ एप्रिलला, ईस्टर. गेल्या वर्षी १२ एप्रिलला काही ठरवायचं नव्हतंच. देशभर टाळेबंदी होती, चर्च बंद होती, मिस्सा (चर्चमधली उपासना) मोबाइलवर ऐकली. यंदा मात्र बोरिवली-मीरा रोडला राहणारी मुलं विचारतायत, "आई, आम्ही येऊ का?" आणि उत्तर आपल्याला द्यायचंय. या आठवड्यात वसईत ज्या आजी-आजोबांशी बोलले, त्या प्रत्येकाच्या घरात हाच विषय चाललाय. गेल्या वर्षभरात मी तिन्ही प्रकारे नातवंडांना भेटले आहे, म्हणून हे लिहिते.

घरातल्या भेटीत सगळं मिळतं. शनिवारी संध्याकाळी सगळी येतात, पास्काच्या (ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या) विधीला अंधारात एकाच्या मेणबत्तीवरून दुसऱ्याची पेटते, रात्री मुलं आपल्या कुशीत झोपतात, रविवारी फुगे (पिठाचे तळलेले गोळे) आणि विंदालू. पण यंदा, २०२१ मध्ये, रात्री ८ ते सकाळी ७ जमावबंदी आहे. बागा आणि समुद्रकिनारे त्या वेळात बंद. पाचपेक्षा जास्त माणसं एकत्र सापडली तर माणशी १००० रुपये दंड. म्हणजे रात्रीच्या विधीला कुटुंब घेऊन जाणं जमणारच नाही. राहिला मुक्काम, आणि खरा धोका मुक्कामातच आहे.

नाताळात आम्ही नऊजण एका खोलीत जेवलो. थंडी म्हणून खिडक्या लावलेल्या. सहाव्या दिवशी माझ्या दिरांना ताप आला, पुढे अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. बरे होऊन घरी आले, देवाचे आभार. पण आठ वर्षांच्या नातीला त्या दिवशी थोडी सर्दी होती. तिने फोनवर विचारलं, "आजी, माझ्यामुळे झालं का गं?" ते ऐकल्यापासून मी बंद खोलीतल्या जेवणाचा विचारच सोडला. आपल्याला काही झालं तर आपण भोगू, पण लेकराच्या मनावर ते ओझं नको.

बरेचजण म्हणतात, "आता लस घेतलीय ना!" तारखा मोजून बघा. साठीपुढच्यांना लस १ मार्च २०२१ ला सुरू झाली. अगदी पहिल्या दिवशी घेतली असेल तरी अठ्ठावीस दिवसांनी दुसरा डोस म्हणजे २९ मार्च, आणि पुरतं संरक्षण यायला त्यापुढे दोन आठवडे लागतात. शिवाय कोविशील्ड लसीच्या दोन डोसांमधलं अंतर मार्च २०२१ मध्ये सहा ते आठ आठवड्यांवर नेलंय. सारांश, आपल्यापैकी कुणाचंही लसीकरण ईस्टरपर्यंत पुरं होत नाही. एका डोसाने थोडा आधार मिळतो, पण तेवढ्यावर मुक्काम ठेवण्याइतका नाही. चाचणीचंही तसंच. निगेटिव्ह रिपोर्ट स्वॅब घेतला त्या वेळेपुरता. लागण होऊन लक्षणं दिसायला पाच-सहा दिवस लागतात, कधी चौदाही. मुलगा किंवा सून रोज कामाला लोकलने जात असेल तर आदल्या दिवशीच्या रिपोर्टवर विसंबू नका.

फोनचा ईस्टर आम्ही गेल्या वर्षी केला. धोका शून्य, आणि जे आजारी आहेत, डायलिसिसवर आहेत, ज्यांच्या घरात कुणाला खोकला-ताप आहे, त्यांनी यंदाही हाच करावा. माझा अनुभव एवढाच की नुसतं बोलत बसलं तर लहान मूल पाच मिनिटांत उठून जातं. दोन्हीकडे एकच काम हातात हवं. काजूचा हंगाम आहे. काजूपूड, साखर, अंड्याचा पांढरा भाग आणि गुलाबपाणी आटवून तो गोळा आधीच पाठवून द्या, आणि रविवारी फोन समोर ठेवून दोघांनी मिळून मार्झिपानची अंडी वळा. आमचा अर्धा तास असाच गेला. तरीही फोन बंद केल्यावर घर फार रिकामं वाटलं, हेही सांगायला हवं.

माझं मन वाडीकडे, म्हणजे आमच्या केळीच्या बागेकडे आहे. फेब्रुवारीत नातीचा वाढदिवस आम्ही वाडीतच केला. उघड्यावर वारा श्वास पसरवून विरळ करतो, खोलीत तो साचून राहतो. सगळा फरक एवढाच, पण फार मोठा. सहा फूट मुलांना समजत नाही, केळीच्या दोन खुंटांमधलं अंतर समजतं. धाकटा चार वर्षांचा. बापाने बजावलं होतं म्हणून धावत आला तो मध्येच थांबला. हातातली जास्वंद केळीच्या खुंटावर ठेवली, चार पावलं मागे गेला आणि म्हणाला, "आजी, आता घे." इतक्या लहान मुलांना मास्कचा आग्रह धरू नये असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते, म्हणून तो आपण नीट लावायचा.

वाडीतही चूक होते ती जेवताना, कारण मास्क तेव्हाच उतरतो आणि गप्पाही तेव्हाच रंगतात. दोन चटया लांब टाका, समोरासमोर बसू नका, आपापला डबा आपापल्या चटईवर. मुलं बिलगणारच. बिलगू द्या, पण मास्क लावून, तोंड दुसरीकडे करून, क्षणभर. शौचालय अंगणातलं असेल तर उत्तम, नाहीतर घरात एकेकाने जावं, खिडक्या उघड्या ठेवून. ऊन चढायच्या आत, सकाळी ८ ते ११, एवढीच भेट ठेवा. २०२१ च्या नियमाप्रमाणे लोकल सर्वांसाठी सकाळी ७ पर्यंत, मग दुपारी १२ ते ४, म्हणून या वेळेला स्वतःचं वाहन लागतं. ते नसेल तर दुसऱ्या रविवारी या म्हणा. पास्काचा काळ पन्नास दिवसांचा आहे, सण एका सकाळीच संपत नाही.

ज्यांना वाडी नाही, फ्लॅट आहे, त्यांना भुईगाव किंवा कळंबचा किनारा सकाळी ७ नंतर चालेल, पण रविवारी तिथे गर्दी होते. गर्दी दिसली तर परत फिरायची तयारी ठेवावी. नातेवाइकाची वाडी मिळाली तर ती बरी.

आमचं ठरलंय. शनिवारी तिन्हीसांजेला दोन्ही घरांत एकाच वेळी मेणबत्ती लावायची, फोन चालू ठेवून. रविवारी सकाळी वाडीत अंडी शोधायची: मोठीची हळदीत उकडलेली पिवळी, धाकट्याची कांद्याच्या टरफलांतली तांबूस, म्हणजे एकमेकांच्या हातातली ओढणार नाहीत. टरफलं कालपासून साठवतेय, अर्धा डबा भरलाय.