मानहाइम स्वप्न-प्रश्नावली: मराठीतून भरून घ्यायची तर

स्वप्नं किती आठवतात आणि कशी असतात हे विचारणारी, स्वप्न-संशोधक मिकाएल श्रेडल आणि सहकाऱ्यांची ही जर्मन प्रश्नावली 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. ती फुकट मिळते. ठाणे-नवी मुंबईतल्या समुपदेशकांनी जवळ ठेवावी अशीच आहे, फक्त इंग्रजी प्रत हातात धरून तोंडी भाषांतर करत विचारू नये.

पहिल्याच प्रश्नात गडबड होते. गेल्या काही महिन्यांत स्वप्नं किती वेळा आठवली, याला 0 ते 6 गुण आहेत: 0 म्हणजे कधीच नाही, 4 आठवड्यातून साधारण एकदा, 6 जवळजवळ रोज सकाळी. आपल्या तोंडून मात्र सहज निघतं, "स्वप्नं पडतात का?" समोरचा म्हणतो, "पडतात की, उठल्यावर आठवत नाहीत एवढंच," आणि 5 वर खूण करतो. आठवण्याबद्दलच विचारा. ऐरोली-महापेत रात्रपाळी करणारे सकाळी येऊन झोपतात, तेव्हा 'रोज सकाळी'च्या जागी 'झोपून उठल्यावर' छापा. या गुणांची थेट सरासरीही काढू नका. पायऱ्या सारख्या अंतराच्या नाहीत. 4 म्हणजे आठवड्याला 1 दिवस, 5 म्हणजे 3.5, 6 म्हणजे 6.5 असं रूपांतर करूनच बेरीज करायची.

भावनिक तीव्रतेला 0 ते 4 गुण. 'तीव्र' म्हटलं की मराठी माणसाला दुखणंच आठवतं, मग आनंदाची स्वप्नं गुणांतून निसटतात. 'भावना किती जोरदार, आनंदाची असो वा भीतीची' असं लिहिलं की काम होतं. भावना सुखद की दुःखद, हा प्रश्न वेगळा आहे. दोन्ही एकत्र करू नका.

दुःस्वप्नाची व्याख्या प्रश्नातच दिलेली आहे, हे फार चांगलं: जोरदार नकारात्मक भावनांचं, जाग आणणारं आणि जागेपणी स्पष्ट आठवणारं. नुसतं दचकून उठणं त्यात बसत नाही. 'हे स्वप्न आहे' असं स्वप्नातच कळणं, याला मात्र 'जागृत स्वप्न' म्हणाल तर लोक दिवास्वप्नांबद्दल सांगतात.

उणीव एकच, पण मोठी: दृश्यं किती ठसठशीत होती, हे इथे फारसं कळत नाही. त्यासाठी हाँगकाँगचे संशोधक काय-चिंग यू यांचं ड्रीम इंटेन्सिटी स्केल बरं.

औषधांसाठी एक ओळ स्वतः वाढवा. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या रेम झोप (डोळे भराभर हलतात आणि स्वप्नं जास्त पडतात तो झोपेचा टप्पा) दाबतात, आणि त्या अचानक बंद केल्या की स्वप्नं उसळतात. स्वप्नांची वही प्रश्नावली भरून झाल्यावरच द्या. लिहायला लागलं की आठवणं आपोआप वाढतं.