४१० किलोचा रंधा: पुरात बुडालेल्या मशीनचा पूर्ण हिशेब

कुणाचाही रिव्ह्यू वाचताना मी आधी किंमत शोधते, म्हणून ती सुरुवातीलाच सांगते. बारा इंची रंधा मशीन, साडेपाच फुटी बेड, वजनकाट्यावर ४१० किलो. साठ रुपये किलोने २४,६०० रुपये. कंपनीचं नाव नाही. जिथे पाटी असायची तिथे रिव्हेटची दोन भोकं आहेत.

भंगारवाल्याचं म्हणणं होतं, "बेन, वाडकिन छे." वाडकिन ही लेस्टरची कंपनी, १८९७ ची, सुतारकामाच्या मशीनमधलं मोठं नाव. पण बडोद्याच्या भंगारात हिरवा ऑइलपेंट मारलेलं प्रत्येक मशीन वाडकिनच असतं. मी म्हटलं, पाटी दाखवा, वाडकिनचे पैसे देते. मग तो किलोच्या भावावर आला.

मी बँकेत नोकरी करते आणि रविवारी सुतारकाम. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याची पडवी हेच माझं वर्कशॉप. आजोबा कलाभवनात शिकलेले (सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेलं कलाभवन, जिथे दादासाहेब फाळकेही शिकले), त्यामुळे घरात पटाश्या, गुण्ये, रंधे ढिगाने होते. सहा फुटी सागवानी फळी हाताने रंधून सरळ करायला मला अख्खी सकाळ लागायची आणि पुढचे दोन दिवस काउंटरवर खांदा धरून बसावं लागायचं. नवं मशीनही बघून आले. माझ्या बजेटमध्ये मिळत होतं ते पत्र्याच्या पायांचं, सहा इंची, टेबल जेमतेम तीन फूट. त्यावर सहा फुटी फळी सरळ करायची म्हणजे अर्धी फळी हवेत.

डिसेंबर २०२४ मध्ये मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला एका भंगारच्या वाड्यात हे मशीन दिसलं. त्याच्या शेजारी आणखी एक होतं, पंधरा इंची आणि आठ हजारांनी स्वस्त. मोह झाला. वाकून बघितलं तर कटरब्लॉक चौकोनी. पाती बसवलेला तो फिरता ब्लॉक चौकोनी असला की टेबलाची कड आणि ब्लॉक यांच्यात मोठी फट राहते. बोट घसरलं तर त्या फटीत पूर्ण आत जातं, नुसतं टोक कापून भागत नाही. इंग्लंडमध्ये हाताने फळी ढकलायच्या रंध्यांवर असे ब्लॉक १९२२ च्या नियमांनीच बंद झाले. आपल्याकडे ते अजून विकायला उभे असतात. तुम्हाला कुणी कितीही स्वस्तात दिलं तरी चौकोनी ब्लॉकचं मशीन घेऊ नका. माझ्या मशीनचा ब्लॉक गोल आहे, तीन पात्यांचा.

मग टेबल तपासलं. रंध्याला ब्लॉकच्या पुढे एक आणि मागे एक अशी दोन टेबलं असतात. मोटर, बेअरिंग, पट्टा, पाती हे सगळं बाजारात नवं मिळतं. टेबल मिळत नाही, म्हणून पैसे टेबलाचे मोजायचे. आजोबांची मीटरभर पोलादी पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा) पिशवीत घेऊनच गेले होते. पट्टी लांबीला ठेवली, मग दोन्ही तिरक्या बाजूंना ठेवली, आणि खाली गेजची पात सरकवत गेले. मागच्या टेबलावर पट्टीखाली ०.१० मिमीची पात कुठेतरी अडखळत जात होती, ०.१५ ची कुठेच नाही. दोन सरळ लाकडी पट्ट्या टेबलाच्या दोन टोकांना आडव्या ठेवून एका डोळ्याने पाहिलं. दोन्हींच्या वरच्या कडा एकात एक मिसळत होत्या, म्हणजे पीळ नाही. पुढचं टेबल मात्र बाहेरच्या टोकाला ०.३ मिमीने खाली झुकलेलं. भंगारवाल्याचा मुलगा हे सगळं बघत उभा होता. त्याने शेवटी विचारलं, "साहेब क्यां छे?" साहेब नाहीत म्हटल्यावर भाव आणखी कमी होईल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली. पैसे दिल्यावर मशीन टेंपोत चढवताना फेन्सची, म्हणजे फळीला काटकोनात धरणाऱ्या उभ्या आधाराची, मागची बाजू दिसली. हिरवा रंग तिथे पोचला नव्हता आणि टेबलाच्या वर चार बोटांवर मातीची पिवळट रेघ होती. ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली, सोसायट्यांमधून मगरी फिरल्या, तेव्हा हे मशीन कुठल्यातरी फर्निचरच्या कारखान्यात फेन्सपर्यंत पाण्यात उभं होतं. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पाणी तो बद्धे आव्युं हतुं," म्हणजे पाणी तर सगळीकडेच आलं होतं. खोटं बोलला नाही, विचारेपर्यंत खरंही बोलला नाही. पुरातलं मशीन आहे हे आधी कळलं असतं तर मी किलोला पन्नासच्या वर गेले नसते.

टेंपो आणि हमाली मिळून ३,५०० रुपये. आमच्या गल्लीत टेंपो शिरत नाही, म्हणून दोन्ही टेबलं उतरवून धूड दीड इंची पाइपांच्या तुकड्यांवरून ढकलत आणलं. हमाल चार, पहारी दोन. तोंडाने "धीरे, धीरे" म्हणणारे सगळे शेजारी.

ब्लॉक काढून बेअरिंगचं घर उघडलं तेव्हा ग्रीस नव्हतं, चिखल होता. विश्वामित्रीची बारीक, मऊ माती सुकून सुपारीसारखी कडक झालेली, आणि तिच्यात गोळ्या रुतलेल्या. काडीने कोरून काढली. खाली कडेवर नंबर आला: ६२०६. मशीन माझ्या आईच्या वयाचं असावं, पण ६२०६ म्हणजे आतलं भोक ३० मिमी, बाहेरचा व्यास ६२, जाडी १६, हे माप जगभर ठरलेलं आहे. कुठल्याही चांगल्या दुकानात जा, नंबर सांगा, घरी या. दोन बेअरिंगं ७६० रुपयांत मिळाली. काही जुन्या इंग्लिश मशीनमध्ये इंची मापाची बेअरिंगं निघतात, मग शोधाशोध आणि पैसे दोन्ही वाढतात. म्हणून मशीन घेताना जमलं तर आधी हा नंबर वाचा.

गंजाचं काम कंटाळवाणं, म्हणून थोडक्यात. हँडल, ब्रॅकेट, नट-बोल्ट बादलीत: धुण्याचा सोडा, पाणी, गाडीचा बॅटरी चार्जर, गंजलेला भाग निगेटिव्हला आणि साध्या लोखंडाची सळी पॉझिटिव्हला. तिथे स्टीलचा चमचा लावू नका, स्टेनलेसमधलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. आणि हायड्रोजन निघतो, त्यामुळे बादली अंगणातच ठेवा. टेबलं बादलीत मावत नाहीत. त्यांच्यावर लिंबूसत्वाचं (सायट्रिक ॲसिडचं) पाणी आणि पॉलिश पेपर. ते पाणी पुसून सोड्याने लगेच धुतलं नाही तर चहा होईपर्यंत पुन्हा तांबूस गंज धरतो. शेवटी हेअर ड्रायर आणि मेण. सिलिकॉनचा स्प्रे टेबलावर नको, तो लाकडाला लागतो आणि पुढे पॉलिश तिथे धरत नाही. खालचा जुना रंग ओला करून खरवडला, कारण जुन्या रंगात शिसं असण्याची भीती असते.

आता या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात चांगली सेवा. झुकलेलं टेबल ग्राइंड करून घ्यावं म्हणून मकरपुऱ्यातच एका सरफेस ग्राइंडिंगवाल्या काकांकडे गेले. (नाव लिहू का विचारलं तर म्हणाले, नका लिहू, आधीच कामं तुंबलीत.) त्यांनी नऊ हजार सांगितले. मग स्वतःच डायल गेज लावून दोन्ही टेबलं तपासली आणि म्हणाले, "ताई, लाकूड रंधायचंय ना? इंजिनचं हेड थोडंच बसवायचंय. टेबल सरळच आहे, बसलंय वाकडं." टेबल ज्या उतरत्या खाचेवरून सरकतं ती खालच्या टोकाला झिजली होती. तिथे पातळ पत्रा सारायला सांगितला. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिमी असतो. त्याची एक पट्टी सारली, मग दोन, मग पुन्हा एक. तीन रविवार गेले, पण टोक वर आलं. काकांनी तपासणीचे पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. नऊ हजारांचं काम नको म्हणणारा माणूस मला या शहरात दुसरा भेटलेला नाही.

मोटरवाल्याबद्दल एवढं चांगलं लिहिता येणार नाही. मोटर तीन हॉर्सपॉवर, थ्री फेज. घरी सिंगल फेज. उपाय व्हीएफडी, म्हणजे सिंगलची थ्री फेज करून देणारा डबा: २३० व्होल्ट सिंगल फेज आत, २३० व्होल्ट थ्री फेज बाहेर. ९,८०० रुपये. अट एकच, मोटर स्टारमधून डेल्टामध्ये (आतल्या वायरी जोडायच्या या दोन पद्धती) जोडता आली पाहिजे. तीन एचपीपर्यंतच्या मोटरी बहुतेक ४१५ व्होल्टला स्टारमध्ये असतात, त्याच डेल्टामध्ये २३०-२४० वर पूर्ण ताकद देतात. त्यासाठी सहाही वायरी बाहेर हव्यात. मी रिवाइंडिंगला देताना हे कागदावर लिहून दिलं होतं. मोटर परत आली ती तीन वायरी घेऊन, बाकीच्या तीन आतच वळवून वार्निशखाली बंद. चालू केली तर फिरली, अगदी गोड आवाजात, आणि पहिल्याच फळीला थांबली. व्होल्टेज घटलं की ताकद त्याच्या वर्गाने घटते, म्हणजे मोटर एक तृतीयांश जोरावर होती. परत नेली. "सगळे असंच करतात," असं उत्तर मिळालं. वार्निश फोडून सहा वायरी बाहेर काढायला त्यांनी आणखी अकरा दिवस घेतले. जास्तीचे पैसे मात्र मागितले नाहीत, हे लिहायला हवं. रिवाइंडिंगचे एकूण ३,४००.

मोटरवरची पुली मोठी, ब्लॉकवरची लहान, तीनास एक. मोटरचे १४४० फेरे म्हणजे ब्लॉकचे ४,३२०. एवढ्या वेगात एक पातं दुसऱ्यापेक्षा जड असलं तर सगळं मशीन थरथरतं. नवी पाती (२,७०० चा संच) मांडवीजवळच्या ओळखीच्या सोनाराकडे नेली. त्याने बांगड्या बाजूला सारून तिन्ही काट्यावर ठेवली. एक पातं दीड ग्रॅमने जास्त भरलं. घरी येऊन त्याची मागची कड घासली, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याकडे. तो म्हणाला, मॅडम, लोखंडाची घट मी पहिल्यांदाच धरतोय.

पाती बसवायला ना मशीन लागतं ना मीटर. सरळ काठी मागच्या टेबलावर ठेवून तिचं टोक ब्लॉकवर येऊ द्यायचं, काठीवर टेबलाच्या कडेपाशी पेन्सिलीची खूण करायची आणि ब्लॉक हाताने फिरवायचा. पातं काठीला जरासं पुढे ओढतं. पुन्हा खूण. दोन खुणांत माझ्याकडे तीन मिमी अंतर आहे, तिन्ही पात्यांना आणि दोन्ही टोकांना तेवढंच हवं. मागचं टेबल पात्यापेक्षा खाली राहिलं तर फळीच्या शेवटच्या टोकाला खड्डा पडतो. वर राहिलं तर फळी टेबलाच्या कडेला अडते.

जुलै २०२५ मध्ये, सात महिन्यांनी, पहिली फळी. जुन्या दाराची सागवानी, दोन सूत वाकलेली. पहिल्या फेरीत पातं फक्त दोन टोकांना लागलं, दुसऱ्यात थोडं आत सरकलं, पाचव्यात आवाज सलग झाला. उलटी करून हात फिरवला आणि हाताला काहीच लागलं नाही. आजोबांची पट्टी ठेवली, मागे बॅटरी धरली. उजेड आला नाही.

पट्टा आणि पुली ९००, रंग, मेण आणि बाकीचं किरकोळ १,६००. एकूण ४७,२६०. म्हणजे भंगारवाल्याला दिले जवळजवळ तेवढेच पुन्हा घातले, आणि रविवार वेगळे. याच पैशात तुम्हाला चालू मशीन कुणी देत असेल तर बिनधास्त घ्या. मला बेअरिंगमधली माती कोरायला फळी रंधण्याइतकीच मजा येते, म्हणून माझा हिशेब बसला. मशीनला पाचपैकी साडेचार, काकांना पाच, भंगारवाल्याला दोन.

ढलप्या इतक्या निघतात की आईने माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली उतरवला आहे. रविवारी संध्याकाळी गीझर बंद आणि अंगणात धूर.

अर्धा गुण कापला तो फेन्सचा. कोन बदलायचा लीव्हर घट्ट होतो असं वाटतं आणि तिसऱ्या-चौथ्या फळीनंतर अर्धा अंश सरकतो. आतली दातेरी चकती पुराच्या आधीच झिजलेली असावी. नवी करून घ्यायला टर्नर शोधते आहे. तोवर मागून एक शिकंजा लावला आहे आणि प्रत्येक फळीआधी गुण्या टेकवून बघते.