बँडकॅम्पवर अडीच वर्षं: पैसे थोडेच, पण कोणी दिले ते कळतं

बँडकॅम्प म्हणजे कलाकारांनी आपलं म्युझिक थेट ऐकणाऱ्यांना विकायची साइट. आधीच सांगतो, मी फुल टाइम वाजवतो. म्हणजे गिटारचे क्लासेस, गिग्स, कोणाच्या तरी गाण्यात चार बार वाजवून देणं, असं सगळं गोळा करून महिना निघतो. स्वतःचं म्युझिक हा त्यातला सगळ्यात लाडका आणि सगळ्यात कमी कमावणारा मेंबर. त्यामुळे "बँडकॅम्पने आयुष्य बदललं" टाइपचा रिव्ह्यू वाचायला आला असाल तर सॉरी.

इकडे वळलो त्याला कारण दोन. एक तर माझ्या आधीच्या डिस्ट्रिब्यूटरची, म्हणजे गाणी स्ट्रीमिंग ॲप्सवर पोचवणाऱ्या कंपनीची (नाव नको) वर्षाची फी भरायची राहिली आणि एका सकाळी सगळी गाणी सगळ्या ॲप्सवरून गायब. मेल केला तर ऑटो रिप्लाय. दुसरं म्हणजे स्ट्रीमिंगचं गणितच डोक्यात जायला लागलं होतं. सगळ्यांच्या सबस्क्रिप्शनचा पैसा एकाच गल्ल्यात पडतो आणि एकूण प्लेजमध्ये तुमचा वाटा किती त्यावर वाटप होतं, म्हणजे एखाद्याने महिनाभर फक्त मलाच ऐकलं तरी त्याचे पैसे बहुतेक करून भलत्याच स्टारकडे जाणार. त्यात स्पॉटिफायने २०२४ पासून नियम आणला की मागच्या १२ महिन्यांत ट्रॅकचे किमान १,००० प्लेज नसतील तर त्याची रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळणारच नाही. माझे निम्मे ट्रॅक तिथेच आउट.

बँडकॅम्प २००८ पासून आहे आणि साइट दिसतेही साधारण तेव्हाचीच, पण डोकं शांत राहतं. अकाउंट फ्री. डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के घेतात, कॅसेट-टीशर्ट वगैरेवर १०, आणि वर्षभरात विक्री ५,००० डॉलरच्या वर गेली तर डिजिटलचा कटही १० होतो (अजून तरी मला हा प्रॉब्लेम आलेला नाही 😅). पेमेंटचा चार्ज वेगळा. अपलोड करताना एमपीथ्री चालत नाही, वेव्ह, एआयएफएफ किंवा फ्लॅक अशी क्वालिटी न घटवलेली फाइलच लागते, त्यामुळे जुने मिक्स शोधताना माझी हार्ड डिस्कची दोन दिवस साफसफाई झाली. ऐकणारा मात्र एमपीथ्रीपासून फ्लॅकपर्यंत हवं ते उतरवून घेतो.

किमतीचा ऑप्शन भारी आहे. तुम्ही कमीत कमी किंमत ठेवायची, वर कितीही द्यायची समोरच्याला मोकळीक. मला वाटलेलं कोण कशाला जास्त देतंय, सगळ्यांनाच फुकट हवं असतं. पण माझ्या ईपीला (थोड्या गाण्यांचा छोटा अल्बम) दर चार-पाच जणांत एकजण लावलेल्या किमतीच्या वर देऊन जातो, एकाने तर तिप्पट दिले आणि सोबत दोन ओळींचा मेसेज, की तिसरा ट्रॅक रात्री गाडी चालवताना ऐकतो. ते वाचून मी क्लासला उशिरा पोचलो.

आणि खरी गोष्ट पैशांच्याही आधीची आहे, ती म्हणजे घेणाऱ्याचा ईमेल तुम्हाला मिळतो. स्ट्रीमिंगवर माझे "मंथली लिसनर्स" हा नुसता आकडा होता, इथे साठेक माणसं आहेत ज्यांनी खिशात हात घातला. ऑनलाइन वर्कशॉप ठेवलं तेव्हा इन्स्टावर पोस्ट टाकली, लाइक्स आले, सीट्स भरल्या त्या या लिस्टवरच्या एका मेलने. म्हणजे बँडकॅम्पवरच्या विक्रीपेक्षा बँडकॅम्पमुळे दुसरीकडे झालेली कमाई जास्त निघाली, हे मी अजिबात धरून चाललो नव्हतो.

आता कटकटी. इथे आपोआप कोणी येत नाही. टॅग्ज आहेत, बँडकॅम्प डेली या त्यांच्या ऑनलाइन मासिकात चांगलं लिहितातही, पण तिथे नंबर लागणं म्हणजे नशीब. दुकान तुमचं, गिऱ्हाईक तुम्हीच हाताला धरून आणायचं. ओळखीतल्या बऱ्याच जणांना तर गाणं विकत घ्यायचं हेच आता विचित्र वाटतं, "लिंक दे ना ॲपवरची" असं म्हणतात, म्हणून मी स्ट्रीमिंग पूर्ण बंद केलेलं नाही, नवीन ट्रॅक तिकडे महिनाभर उशिरा जातो एवढंच. महिना १० डॉलरचा प्रो प्लॅन घेऊन बघितला, स्टॅट्स जास्त दिसतात आणि प्रायव्हेट लिंक देता येते, पण मोजायला काहीतरी असेल तर स्टॅट्सचा उपयोग ना, दोन महिन्यांत बंद केला.

शिवाय मालकीचं टेन्शन. २०२२ मध्ये एपिक गेम्स या व्हिडिओ गेमवाल्यांनी बँडकॅम्प घेतलं, २०२३ मध्ये साँगट्रेडर या म्युझिक लायसन्सिंग कंपनीला विकलं आणि तेव्हा जवळपास निम्मा स्टाफ गेला. आत्तापर्यंत माझं काही अडलेलं नाही, पण मी ईमेल लिस्ट दर महिन्याला डाउनलोड करून ठेवतो. एकदा चटका बसलाय.

घ्यायचं का? दहा गाणी तयार आहेत आणि ऐकणारे शंभरही नाहीत, अशांनी आधी गिग्स करा, तिथे क्यूआर कोड लावा, मग इकडे या. थोडेफार हक्काचे ऐकणारे असतील तर आजच उघडा. रिलीज शक्यतो बँडकॅम्प फ्रायडेला ठेवा, २०२० मध्ये सुरू केलेला प्रकार आहे, ठरावीक शुक्रवारी ते स्वतःचा कट सोडतात, आणि त्या दिवशी लोक मुद्दाम खरेदीला येतात हा त्यातला बोनस. माझा पुढचा ईपी तसाच टाकायचाय, मास्टरिंग झालंय, कव्हर तेवढं राहिलंय.

पाचपैकी चार. एक स्टार त्या सर्चसाठी कापला, स्वतःचंच नाव टाकून मी स्वतःला तिसऱ्या पानावर सापडलो.