हार्डवेअरच्या दुकानात ११ महिने ऐकलेले व्यवसायविषयक पॉडकास्ट

सांगलीच्या गणपती पेठेत आमचे हार्डवेअरचे दुकान आहे. वडिलांनी ते सुरू केले आणि गेली १४ वर्षे मी ते चालवतो. मागील वर्षी मुलीने फोनमध्ये पॉडकास्ट उतरवून घेण्याची सोय करून दिली. तेव्हापासून सकाळी दुकान उघडून माल लावण्याच्या तासाभरात, आणि नागदेवी स्ट्रीटवरील खरेदीसाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जाताना, मी ते नियमाने ऐकत आलो आहे. सुरुवातीला निवडलेल्या नऊ मालिकांपैकी आज तीन उरल्या आहेत. ज्या भागात माल किती दिवसांत फिरला, नफा किती टक्के धरला, जागा कोणाची होती आणि भाडे कसे ठरले हे उलगडून सांगितलेले असते, तोच भाग माझ्यासारख्या व्यापाऱ्याच्या कामाचा ठरतो. कोणी किती भांडवल उभारले याच्या कथा ऐकताना रंजक वाटतात, पण गल्ल्यावर बसल्यावर त्यांतले काहीच हाताशी राहत नाही.

सर्वाधिक उपयोग झाला तो ‘अ‍ॅक्वायर्ड’ या अमेरिकी मालिकेचा. बेन गिल्बर्ट आणि डेव्हिड रोझेन्थाल हे दोघे २०१५ पासून ती चालवतात आणि एकेका कंपनीचा इतिहास तीन-चार तासांच्या भागात मांडतात. कॉस्टको या अमेरिकी घाऊक दुकानसाखळीवरील भाग मी तीन वेळा ऐकला. सोल प्राइस यांनी १९७६ मध्ये सॅन डिएगोत सभासदांसाठी घाऊक पद्धतीचे ‘प्राइस क्लब’ दुकान काढले, त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या जिम सिनेगल यांनी १९८३ मध्ये जेफ ब्रॉटमन यांच्यासह सिएटलमध्ये कॉस्टको उघडले आणि १९९३ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. एवढ्या अवाढव्य दुकानात वस्तू मात्र सुमारे ४,००० प्रकारच्याच असतात, खरेदीवर साधारण १४ टक्क्यांहून अधिक आणि स्वतःच्या छापाच्या मालावर १५ टक्क्यांहून अधिक चढवायचे नाही असा दंडक पाळला जातो, आणि नफ्याचा मोठा हिस्सा सभासदांच्या वार्षिक वर्गणीतून येतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. हे १४ टक्के खरेदीच्या किमतीवरचे आहेत. १०० रुपयांना घेतलेली वस्तू ११४ रुपयांना विकली, तर विक्रीच्या हिशेबाने नफा सुमारे १२.३ टक्केच पडतो. आमच्या धंद्यातही काही जण खरेदीवर टक्के काढतात आणि काही विक्रीवर, व त्यामुळे दोन दुकानदार एकाच आकड्याबद्दल बोलत असूनही वेगवेगळा नफा सांगत असतात. मी स्वतः कित्येक वर्षे दोन्ही पद्धती मिसळत होतो, हे तो भाग ऐकल्यानंतर जुनी बिले काढून पाहिली तेव्हा लक्षात आले.

त्यानंतर आम्ही दुकानातील वस्तूंची मोजदाद केली आणि ६,८०० हून अधिक प्रकार निघाले. सीपीव्हीसी (पाण्याच्या प्लॅस्टिक नळांचे) फिटिंगच आठ कंपन्यांचे होते. ते तीन कंपन्यांवर आणल्यावर चार-पाच महिन्यांत सव्वादोन लाखांचे अडकलेले भांडवल मोकळे झाले, आणि एकाच वितरकाकडून अधिक उचल होऊ लागल्याने सवलतही वाढवून मिळाली. मात्र हाच नियम मी बिजागऱ्या, कड्या आणि जुन्या मापाच्या स्क्रूंना लावला, ती चूक झाली. जुन्या वाड्याच्या दरवाजासाठी एखादी विचित्र मापाची बिजागरी शोधत फिरणारा सुतार ती आमच्याकडे मिळते म्हणूनच येतो आणि जाताना रंग, पॉलिश पेपर, खिळे असे बाकीचे सामानही घेऊन जातो. वर्षात दोनदा खपणारी ती बिजागरी कागदावर पडून राहिलेला माल दिसते, पण तिच्याशिवाय तो सुतार दुसऱ्या दुकानाची पायरी चढतो. दोन महिन्यांनी मी तो माल पुन्हा भरला. कॉस्टकोचे गणित ठरावीक गरजेच्या ग्राहकासाठी आहे आणि हार्डवेअरचा ग्राहक बहुतेक वेळा अडलेला असतो, हा फरक ऐकणाऱ्याने स्वतःच ओळखला पाहिजे.

वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीच्या इतिहासातील एका प्रसंगाने मला सर्वाधिक अस्वस्थ केले. तिचे संस्थापक सॅम वॉल्टन यांनी १९४५ मध्ये आर्कान्सा राज्यातील न्यूपोर्ट गावात सासऱ्यांकडून कर्ज घेऊन पहिले दुकान घेतले आणि पाच वर्षांत ते भरभराटीला आणले. परंतु भाडेकरारात नूतनीकरणाचे कलमच नव्हते, आणि मुदत संपल्यावर चालते दुकान आपल्या मुलाला मिळावे म्हणून मालकाने करार वाढवून दिला नाही. वॉल्टन यांना गाव सोडून बेंटनव्हिलला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. हे ऐकले त्याच आठवड्यात मी आमच्या गोदामाचा करार कपाटातून काढला. मुदत संपायला सात महिने होते आणि नूतनीकरणाविषयी त्यात एक शब्दही नव्हता. मालकाशी बोलून नवा करार केला आणि तो नोंदवूनही घेतला, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे.

‘हाउ आय बिल्ट धिस’ ही गाय रॅझ यांची मालिका २०१६ पासून सुरू आहे. तिचे भाग तासाभराचे असल्याने माल लावताना सोयीचे पडतात. जेम्स डायसन यांनी पिशवीविरहित व्हॅक्यूम क्लीनरसाठी ५,१२७ नमुने तयार केल्याची हकिकत वस्तू बनवणाऱ्या प्रत्येक लघुउद्योजकाने ऐकावी. प्रत्येक पाहुण्याला शेवटी यशात नशीब किती आणि कष्ट किती हे विचारले जाते, पण रोजचा हिशेब कसा सांभाळला हे क्वचितच कळते. ‘प्लॅनेट मनी’ ही अर्थव्यवहारांवरील तिसरी मालिका मी कमी ऐकतो, तरी २०१३ मध्ये त्यांनी एका टी-शर्टचा माग अमेरिकेतील कापसापासून बांगलादेश आणि कोलंबियातील शिलाईपर्यंत काढला होता, तो कापड व्यापाऱ्यांनी अवश्य ऐकावा.

भारतीय मालिकांपैकी ‘झिरोधा’ या शेअर दलाली कंपनीचे सहसंस्थापक निखिल कामत यांच्या २०२३ मध्ये सुरू झालेल्या दीर्घ गप्पा मी काही काळ ऐकल्या. नवा ब्रँड काढू पाहणाऱ्यांना त्या उपयोगी आहेत. पेठेतल्या व्यापाराशी त्यांचा संबंध थोडा आहे. कर आणि कायद्यांच्या बाबतीत मात्र कानावर पडलेले तसेच मानू नये, असे मी आवर्जून सांगेन. एका मालिकेत (नाव घेत नाही) १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या ४३बी(एच) या कलमामुळे प्रत्येक छोट्या विक्रेत्याची उधारी आता ४५ दिवसांत वसूल होईल असे ठामपणे सांगितले होते, आणि मी तसे दोन ठेकेदारांना बोलूनही बसलो. आमच्या सनदी लेखापालांनी समजावले की हे संरक्षण सूक्ष्म व लघु उत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे, निव्वळ व्यापाऱ्याला नाही. उलट, अशा उत्पादकाकडून घेतलेल्या मालाचे पैसे मीच लेखी करार असल्यास त्यातील मुदतीत (जास्तीत जास्त ४५ दिवस) आणि नसल्यास १५ दिवसांच्या आत दिले नाहीत, तर वर्षअखेरीस थकलेल्या रकमेची वजावट मला ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षात मिळेल.

भाषेची अडचण पहिले दोन महिने फार जाणवली. वेग थोडा कमी केला आणि ‘अ‍ॅक्वायर्ड’च्या संकेतस्थळावरील लिखित संहिता समोर ठेवली, तेव्हा कान तयार झाला. ऐकण्यासाठी पैसे मोजावे लागले नाहीत, जाहिराती मात्र असतात. आता प्रत्येक भागानंतर रोजमेळाच्या मागच्या पानावर एकच नोंद करतो : दुकानात काय मोजून पाहायचे.

उणीव एकच आहे आणि ती मोठी आहे. कॉस्टकोचा माल पुष्कळदा पुरवठादाराचे पैसे देण्याआधीच विकला जातो. आमच्याकडे ठेकेदार आज माल उचलतो आणि पैसे बांधकामाचा स्लॅब टाकून झाल्यावर देतो, कधी त्याच्याही पुढच्या बिलावर. उधारी कोणाला द्यावी, किती द्यावी, कोणत्या शब्दांत मागावी आणि मागूनही संबंध कसा टिकवावा, यावर एकाही मालिकेत मला धड तासभर सापडला नाही. पेठेत ४० वर्षे उधारीवर धंदा केलेल्या घाऊक व्यापाऱ्यांना कोणी मराठीत सविस्तर बोलते केले, तर तो भाग मी कॉस्टकोच्या आधी ऐकेन.