परदेशातील मिशनकार्याला मदत: मंडळीमार्फत, थेट मिशनऱ्याला की सेवासंस्थेला?

नागपूरच्या सदर, मोहननगर, मेकोसाबाग अशा भागांतील ख्रिस्ती घरांत दशांशाचा (देवाच्या कार्यासाठी काढलेल्या उत्पन्नाच्या दहाव्या भागाचा) एक वाटा देशाबाहेरील सुवार्ताकार्यासाठी द्यावा, हा विचार अधूनमधून होतो. किती द्यायचे हे ठरवणे त्यामानाने सोपे असते. आपल्या पैशावर जो उपदेश होणार, जे बाप्तिस्मे होणार आणि जी मंडळी (चर्च) उभी राहणार, ती आपल्या विश्वासाशी जुळणारी असावी की नाही, आणि असावी तर कितपत, हा प्रश्न मात्र अवघड आहे. माझ्या मते मदतीचा मार्ग निवडण्याआधी याच प्रश्नाचा निकाल लावला पाहिजे, कारण प्रत्येक मार्गात देणाऱ्याच्या श्रद्धेला मिळणारी जागा वेगळी असते.

पवित्र शास्त्रातील दोन उतारे या बाबतीत नेहमी समोरासमोर ठेवले जातात. योहानाच्या दुसऱ्या पत्रात (१०-११) खरे शिक्षण घेऊन न येणाऱ्याला घरात घेऊ नका, त्याचे स्वागत करणारा त्याच्या दुष्कर्मांत भागीदार होतो, असा इशारा आहे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात (१:१५-१८) मात्र काही जण हेव्याने उपदेश करीत असले तरी ख्रिस्ताची घोषणा होते याचा प्रेषित पौल आनंद मानतो. हे उतारे परस्परविरोधी नाहीत. योहानाचा इशारा येशू ख्रिस्त देहाने आला हेच नाकारणाऱ्यांविषयी आहे, म्हणजे विश्वासाच्या मुळाविषयी; पौल बोलतो ते उपदेश करणाऱ्यांच्या हेतूंविषयी. बाप्तिस्म्याची पद्धत, बिशप असावेत की नसावेत, उपासनेचा क्रम कसा असावा, हे प्रश्न यांपैकी कोणत्याच उताऱ्यात येत नाहीत. तेथे देणाऱ्याला स्वतःच्या विवेकाने सीमारेषा आखावी लागते.

ती कशी आखता येते याचे उदाहरण नागपुरातच घडलेले आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी येथील ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यांत बालबाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि केवळ विश्वास कबूल केलेल्यालाच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्टही होते. नव्या मंडळीने दोन्ही प्रथा मान्य केल्या. मेथॉडिस्ट चर्च इन सदर्न एशियाने मात्र अखेरच्या टप्प्यावर बाहेर राहण्याचा निर्णय घेतला. त्याआधी १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली तेव्हा भारतातील मिशनरी अलेक्झांडर डफ आणि मुंबईचे जॉन विल्सन यांनी वेगळ्या झालेल्या फ्री चर्चची बाजू घेतली आणि आपल्या शाळांच्या इमारती सोडल्या. स्टीफन हिस्लॉप नागपूरला आले ते याच फ्री चर्चचे मिशनरी म्हणून. एकत्र येणारे आणि वेगळे राहणारे, दोघेही आपल्या श्रद्धेला धरूनच वागले. म्हणून घरातल्यांनी एकत्र बसून दोन याद्या लिहून काढाव्यात: कोणत्या बाबींवर मतभेद असल्यास मदत देणारच नाही, आणि कोणत्या बाबींवर मतभेद सोसून देऊ. पहिली यादी लांबली, तर ती पुन्हा तपासावी.

मंडळीमार्फत

आपल्या मंडळीच्या मिशन निधीत अर्पण देणे हा सर्वांत रुळलेला मार्ग आहे. निर्णय पास्टोरेट कमिटी (स्थानिक मंडळीची समिती) किंवा डायोसिस (बिशपच्या अखत्यारीतील विभाग) घेते, हिशेब तपासला जातो आणि सिद्धांताची जबाबदारी एकट्या कुटुंबावर पडत नाही. कॅथलिक कुटुंबांसाठी तर निवड आणखी सोपी आहे. ऑक्टोबरमधील शेवटून दुसऱ्या रविवारी, म्हणजे मिशन संडेला, जमणारे अर्पण जगभरच्या मिशनकार्याच्या सामाईक निधीत जाते, आणि या परंपरेचे मूळ पॉलीन जॅरिको यांनी १८२२ मध्ये फ्रान्सच्या लियाँ शहरात सुरू केलेल्या संस्थेत आहे.

प्रोटेस्टंट मंडळीत मात्र एक गोष्ट स्पष्टपणे विचारावी: हा निधी खरोखर परदेशी खर्च होतो का? धर्मादाय किंवा धार्मिक ट्रस्टने आपले उत्पन्न भारताबाहेर खर्च केल्यास त्यावर सर्वसाधारणपणे आयकराची सूट मिळत नाही, आणि व्यक्तींना परदेशी पैसे पाठवण्यासाठी असलेली रिझर्व्ह बँकेची उदारीकृत योजना ट्रस्टना लागू नाही. त्यामुळे मिशन निधी असे नाव असले तरी तो देशातल्याच कामाला लागत असणे स्वाभाविक आहे. ते कामही मोलाचेच आहे. पण आपला हेतू परदेशातील कार्याचा असेल, तर उत्तर आधी मिळालेले बरे.

थेट मिशनऱ्याला

देणाऱ्याच्या श्रद्धेला सर्वांत जास्त जागा या मार्गात मिळते. फिलिप्पैच्या मंडळीने पौलाला मदत केली ती अशीच, माणूस ओळखून आणि त्याच्या कामात सहभागी होऊन. मिशनऱ्याला आपण विचारू शकतो: तुमचे विश्वासाचे लेखी निवेदन काय आहे, बाप्तिस्मा कोणाला आणि केव्हा देता, तुम्ही कोणत्या मंडळीला उत्तरदायी आहात? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘फक्त देवाला’ असे आले, तर मी मदत देणार नाही.

या मार्गात मिशनऱ्याकडून येणारे पत्र बारकाईने वाचावे लागते. केवळ ख्रिस्ताला स्वीकारण्याचा निर्णय घेतलेल्यांचे आकडे आणि गर्दीचे फोटो असलेल्या पत्रापेक्षा, एका गावातील बायबल अभ्यास का बंद पडला, स्थानिक पाळकाशी मतभेद कशावर झाला, भाषा शिकण्यात किती वेळ जातो, हे सांगणारे पत्र अधिक विश्वासार्ह असते. आकड्यांची मागणी देणारेच करत राहिले, तर मिशनऱ्यालाही आकडेच लिहिण्याचा मोह होतो, हेही लक्षात ठेवावे.

कायद्याचा प्रश्नही येथे थेट अंगावर येतो. नेपाळचे उदाहरण घ्या. भारतीयाला तेथे व्हिसा लागत नाही, त्यामुळे जाणे सोपे; पण २०१५ च्या नेपाळी संविधानाचे कलम २६ दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई करते आणि फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. अशा ठिकाणी पकडले जाण्याची भीती आपल्यापेक्षा तेथील स्थानिक विश्वासूंना अधिक असते. मिशनरी त्यांच्या सुरक्षिततेचा विचार कसा करतो आणि त्या देशात आपली ओळख काय म्हणून सांगतो, हे विचारणे संशयखोरपणाचे नाही.

सेवासंस्थेला

रुग्णालय, शिक्षण, पाणी, मुलांचे प्रायोजकत्व अशा कामांत सिद्धांताचे मतभेद कमी जाणवतात, म्हणून अनेकांना हा मार्ग निर्धोक वाटतो. तो तसा नाही. मार्च २०१४ मध्ये वर्ल्ड व्हिजन या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या अमेरिकेतील शाखेने समलिंगी विवाह केलेल्या ख्रिस्ती व्यक्तींना नोकरी देण्याचे धोरण जाहीर केले आणि दोन दिवसांत मागे घेतले; तेवढ्यातच हजारो प्रायोजकांनी मदत थांबवली. धोरणाविषयी कोणाचे मत काहीही असो, त्या निर्णयाशी काडीचाही संबंध नसलेल्या मुलांच्या नावाची मदत बंद झाली. संस्थेचे निवेदन, नोकरभरतीचे नियम आणि मदत घेणाऱ्यांवर उपासनेची सक्ती आहे का, हे पहिला हप्ता देण्यापूर्वी पाहावे.

पैसे पाठवताना

परदेशातून येणाऱ्या देणग्यांना एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) लागू होतो. जाणाऱ्या पैशाला फेमा (परकीय चलनाचा कायदा). व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यामुळे सामान्य कुटुंबाला मर्यादेची चिंता नाही. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात सवलत मिळत नाही. दर महिन्याला थोडे पाठवले तर बँकेचे शुल्कच बरेच खाते, म्हणून तिमाही रक्कम एकत्र पाठवणे बरे. बँकेच्या ए२ फॉर्ममध्ये पैसे पाठवण्याच्या कारणाचा कोड लिहावा लागतो: व्यक्तीला भेट म्हणून दिल्यास एस१३०२, परदेशातील धार्मिक किंवा धर्मादाय संस्थेला दिल्यास एस१३०३. सोय म्हणून कोणी कुटुंबाच्या निर्वाहाचा एस१३०१ सुचवेल. तो लिहू नये. सत्याच्या प्रचारासाठी दिलेला पैसा खोट्या कारणाखाली पाठवणे मला कोणत्याही सिद्धांतात बसवता येत नाही.

माझा कौल असा आहे: ज्या कुटुंबाची पहिली यादी थोडक्यात आटोपते आणि ज्याला पत्रव्यवहाराला वेळ नाही, त्याने मंडळीमार्फत द्यावे. बाप्तिस्मा, प्रभुभोजन किंवा शास्त्राच्या अधिकाराविषयी ज्याची मते ठाम आहेत, त्याने पाठवणाऱ्या मंडळीला उत्तरदायी असलेल्या एका मिशनऱ्याला, त्याच्या संस्थेच्या खात्यामार्फत, मदत द्यावी आणि आपल्या पाळकांना ते सांगून ठेवावे. सेवासंस्था या दोहोंना पूरक म्हणून ठीक आहे. पुढे मिशनऱ्याचे किंवा संस्थेचे शिक्षण बदलले, तर आधी लेखी विचारणा करावी, उत्तरासाठी अवधी द्यावा, आणि थांबायचेच ठरले तर निदान पुढच्या दोन तिमाहींची रक्कम देऊन थांबावे, कारण त्या पैशावर एखाद्या घराचे भाडे आणि मुलांची फी अवलंबून असते.