कॅल्सिपोट्रिऑल-बीटामेथासोन मलम: एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत

मला कोपर, गुडघे आणि कपाळावर केसांच्या कडेला सोरायसिस आहे, म्हणजे कातडीवर खवल्यांचे लाल चट्टे उठतात. कोपर-गुडघ्यांवर गेल्या पावसाळ्यापासून हे मलम वापरतोय. उपयोग झाला, आणि चांगलाच झाला. आधी खाज उतरली, मग खवले सुटायचे थांबले, त्यानंतर चट्ट्यांची जाडी गेली. लाली मात्र कितीतरी आठवडे रेंगाळली. लाली दिसते म्हणून औषध लागू पडत नाही असं समजून ट्यूब फेकणारे दोघे-तिघे माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्यासाठीच हे सविस्तर लिहितोय, कारण मलम आत जाऊन काय करतं हे कळलं की धीर धरणं सोपं जातं.

चट्टा कातडीवर दिसतो, पण त्याला चालना देतात त्या रोगप्रतिकारक पेशी. त्वचेतल्या डेंड्रिटिक पेशी, म्हणजे पहारेकरी पेशी, इंटरल्यूकिन-२३ आणि टीएनएफ-अल्फा ही संदेश देणारी प्रथिनं सोडतात. इंटरल्यूकिन-२३ मिळालं की टीएच-१७ नावाच्या टी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) जोरात येतात आणि इंटरल्यूकिन-१७ व इंटरल्यूकिन-२२ सोडतात. हे संदेश वरच्या थरातल्या केराटिनोसाइट पेशींपर्यंत पोचले की त्या भराभर वाढू लागतात. एरवी खालून वर यायला जवळजवळ महिना घेणारी पेशी चार-पाच दिवसांतच वर येते आणि पुरती तयार होण्याआधीच खवला होऊन सुटते. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण याच केराटिनोसाइट उलट संदेश सोडून आणखी टी पेशी आणि न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी तिथे बोलावून घेतात. आमच्याकडे गोव्यात चवथीच्या आरतीत घुमट या मातीच्या वाद्यावर वाजवणाऱ्याने लय चढवली की शामेळ हा ढोल चढतो, शामेळामागून कांसाळं, म्हणजे झांजा, आणि ती ऐकून घुमट आणखी चढतं. चट्ट्यात असंच चाललेलं असतं, आणि ते आपणहून उतरायचं नाव घेत नाही.

मलमातली दोन औषधं या चक्रात वेगवेगळ्या जागी हात घालतात. बीटामेथासोन हे स्टेरॉइड. ते पेशीत शिरून ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरला (स्टेरॉइडचा संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, ती जोडी केंद्रकात जाते आणि एनएफ-कप्पा-बी व एपी-१ या प्रथिनांना दाहाची जनुकं चालू करू देत नाही. डेंड्रिटिक पेशी, टी पेशी, केराटिनोसाइट, सगळ्यांवर त्याचा असर पडतो, म्हणून खाज इतक्या लवकर उतरते. पण हाच असर कातडीला बळकटी देणारं कोलॅजन बनवणाऱ्या पेशींवरही होतो. त्यामुळे महिनोन्‌महिने रोज लावलं तर कातडी पातळ होते आणि बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात.

कॅल्सिपोट्रिऑल हे ‘ड’ जीवनसत्त्वासारखं घडवलेलं औषध आहे. या औषधांची वाट सापडली ती जपानमध्ये. हाडं ठिसूळ झालेल्या एका रुग्णाला ‘ड’ जीवनसत्त्वाचं औषध पोटातून दिलं होतं, आणि त्याचा सोरायसिसच ओसरला. १९८५ साली मोरिमोतो आणि कुमाहारा यांनी ते प्रसिद्ध केलं. कॅल्सिपोट्रिऑल पेशीतल्या ‘ड’ जीवनसत्त्वाच्या रिसेप्टरला चिकटतं, केराटिनोसाइटची घाई कमी करतं, टी पेशींचं इंटरल्यूकिन-१७ बनवणं आवरतं आणि दाहाला लगाम घालणाऱ्या नियामक टी पेशींना बळ देतं. नुसतं लावलं तर काहींना चुरचुरतं. सोबतचं स्टेरॉइड ती चुरचुर शमवतं. माझ्या मते या जोडीचं खरं मोल इथे आहे.

डॉक्टरांनी सुरुवातीला चार आठवडे रोज एकदा लावायला सांगितलं. चट्टे सपाट झाल्यावर आठवड्यातून दोनदा, जुन्या जागांवरच. ‘आता काही दिसत नाही, मग कशाला लावायचं?’ असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी समजावलं की चट्टा गेला तरी तिथे मुक्काम ठोकून राहणाऱ्या स्मृती टी पेशी कातडीतच असतात. निमित्त मिळालं की त्या पुन्हा इंटरल्यूकिन-१७ सोडायला लागतात. चट्टा बहुधा जुन्याच जागी परत उगवतो तो त्यांच्यामुळे. माझ्या डाव्या कोपरावर मधल्या काळात एकदा उगवला, अगदी त्याच आकाराचा, पण वेळेवर लावल्याने आठवड्याभरात दबला.

आता आपल्या हवेबद्दल. मलमाचा बेस तेलकट आहे. औषध आत पोचायला तो चांगला, पण फोंड्याच्या मे महिन्यातल्या घामात अंगावर राहत नाही, कपड्याला लागतो. मी रात्री आंघोळ करून, अंग नीट टिपून, झोपायच्या आधी लावतो आणि जुना सुती शर्ट घालतो. माझ्या ट्यूबवर २५ अंशांखाली ठेवायला लिहिलंय, म्हणून ती गाडीत किंवा खिडकीत राहत नाही. मात्रेचा हिशेब सोपा आहे: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढं मलम म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढं दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. त्याहून जाड थापून फायदा नाही.

खवले काढायला सॅलिसिलिक आम्लाचं मलम वापरत असाल तर ते याच्याबरोबर त्याच जागी लावू नका. त्या आम्लाने कॅल्सिपोट्रिऑल निकामी होतं. चेहरा आणि जांघेसाठी हे मलम नाही. माझ्या कपाळाच्या कडेला डॉक्टरांनी टॅक्रोलिमस दिलंय. ते टी पेशींना चालू करणारं कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम अडवतं आणि कातडी पातळ करत नाही.

एक गोष्ट मनापासून सांगतो. पावसाळ्यात आपल्याकडे गजकर्ण घरोघरी असतं, आणि फार्मसीत मागितलं की स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब सहज हातात पडते. गजकर्णावर स्टेरॉइड लावलं तर खाज थांबते, पण बुरशी पसरत जाते आणि तिचं रूपही बदलतं. मग सोरायसिस कुठला नि गजकर्ण कुठलं हे डॉक्टरांनाही नुसतं बघून ओळखणं कठीण होतं. चट्टा कसला आहे हे तपासून घेतल्याशिवाय कुणाचीही उरलेली ट्यूब लावू नका, माझीसुद्धा.

अमेरिकेत २०२२ साली स्टेरॉइड नसलेली दोन नवी मलमं मंजूर झाली. टॅपिनारॉफ एरिल हायड्रोकार्बन रिसेप्टरवर काम करतं. डांबराच्या जुन्या औषधांचा असरही याच रिसेप्टरवाटे होतो असं आता मानतात. रोफ्लुमिलास्ट दाह वाढवणारं पीडीई-४ हे एन्झाइम अडवतं. मी ती वापरलेली नाहीत.

नखांना बारीक खड्डे पडत असतील, किंवा सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे आखडत असतील, तर मलमाच्या भरवशावर राहू नका. तोच दाह सांध्यांतही असू शकतो, आणि तिथवर कुठलंच मलम पोचत नाही. उशीर झाला तर सांध्याची झीज भरून येत नाही, म्हणून त्वचेच्या डॉक्टरांना सांध्यांबद्दलही आवर्जून सांगा.