प्रॉडक्ट ऑप्स: वेगळा माणूस घ्यावा की आहेत त्यांच्यावरच भागवावं?

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये 30-40 माणसांची प्रॉडक्ट कंपनी असली, की हा प्रश्न एक दिवस दारात येतोच. प्रॉडक्ट मॅनेजर चार झालेले असतात. प्रत्येकाची रोडमॅपची, म्हणजे पुढे काय कधी बांधायचं याची, शीट वेगळी, आणि नवं फीचर आल्याचं सेल्सच्या माणसाला ग्राहकाकडून कळतं. मग मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं, ‘आपल्याला प्रॉडक्ट ऑप्स पाहिजे.’

मी मालवाहतुकीच्या सॉफ्टवेअरवर काम करते. या कामाच्या तिन्ही तऱ्हा मी जवळून पाहिल्या आहेत: मॅनेजरांनी आपसात वाटून घेणं, तारखा सांभाळणाऱ्या प्रोजेक्ट ऑफिसकडे सोपवणं आणि त्यासाठी वेगळा माणूस नेमणं. तुम्ही ठरवायच्या बेतात असाल, तर हे तुमच्यासाठी.

आधी काम काय ते पाहू. काय बांधायचं आणि का, हे प्रॉडक्ट मॅनेजर ठरवतो. ते ठरवायला लागणारी माहिती त्याच्या हाताशी आणून ठेवणं, ठरलेलं सपोर्ट, सेल्स आणि ट्रेनिंगपर्यंत वेळेत पोचवणं, सगळ्या टीमची मापं एक ठेवणं, हे प्रॉडक्ट ऑप्सचं काम. निर्णय मात्र त्याचा नाही.

एक उदाहरण सांगते. ई-वे बिल म्हणजे माल नेणाऱ्या गाडीसोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद. त्याची मुदत आधी दर 100 किलोमीटरला एक दिवस अशी होती. 1 जानेवारी 2021 पासून ती दर 200 किलोमीटरला एक दिवस झाली. नागपूर-पुणे सातशेच्या वर जातं, म्हणजे आठ दिवसांची मुदत थेट चारवर आली. कोडमधला बदल एका दुपारचा होता आणि तो वेळेत झाला. पण सपोर्टच्या उत्तरांची फाइल जुनीच राहिली, ट्रेनिंगचा व्हिडिओही जुनाच. नागपूरजवळच्या वाडी गावातले ट्रान्सपोर्टवाले फोन करून विचारायचे, “काहून जी, तुमचं सॉफ्टवेअर एक सांगते अन् तुमचा माणूस दुसरंच सांगून राहिला?” ज्याच्या ई-वे बिलाची मुदत रस्त्यात संपते, त्याला दंडाची भीती असते. त्याचा तो प्रश्न मला आजही आठवतो.

तेव्हा आमच्याकडे पहिली तऱ्हा होती, वाटून घ्यायची. दोन-तीन मॅनेजर असतील तर ती पुरते, पगाराचा नवा बोजा नाही, आणि मॅनेजर ग्राहकाशी स्वतः बोलत राहतो हा तिचा मोठा गुण. पण रिलीजच्या आठवड्यात सगळेच आपापल्या फीचरमध्ये बुडालेले असतात आणि सामायिक काम कोणाचंच राहत नाही. हीच तऱ्हा ठेवणार असाल, तर दर तिमाहीला एकाचं नाव लावून द्या आणि त्या तिमाहीत त्याच्या रोडमॅपचा भार खरोखर कमी करा. नुसतं नाव लावून काही होत नाही.

दुसरी तऱ्हा प्रोजेक्ट ऑफिसची. त्यांचा हात तारखांवर चांगला बसलेला असतो. कोणाचं काम कोणासाठी अडलंय, हे त्यांच्याइतकं नीट कोणी मांडत नाही. तुमचे ग्राहक बँका किंवा सरकारी खाती असतील, करारात तारखा लिहिलेल्या असतील आणि दुखणं तारखा चुकण्याचंच असेल, तर इथेच थांबा, तिसऱ्या तऱ्हेवर पैसे घालू नका. आमचं दुखणं ते नव्हतं. काम त्यांच्याकडे दिल्यावर कॅलेंडर स्वच्छ झालं आणि मॅनेजर दर शुक्रवारी तक्ते भरत बसले. ‘कधी होणार’ याचं उत्तर मिळायला लागलं. ‘झाल्यावर ट्रान्सपोर्टवाल्याचं काम सोपं झालं का’ हे कोणी विचारत नव्हतं.

मग वेगळा माणूस नेमला, तोही सपोर्टमधलाच: पाच वर्षं फोन घेतलेली एक सहकारी. तिने पहिलं काम तक्रारींच्या शिक्क्यांचं घेतलं. ग्राहक म्हणायचा, “बिल्टी निघूनच नाही राहिली” (बिल्टी म्हणजे माल गाडीत घेतल्याची ट्रान्सपोर्टवाल्याची पावती), आणि सपोर्ट नोंदवायचं ‘प्रिंट प्रॉब्लेम’. या एका शिक्क्यावर विसंबून प्रिंटिंगचा अख्खा भाग नव्याने लिहायचा दोन महिन्यांचा बेत ठरला होता. तिने रेकॉर्डिंग ऐकायला घेतली. प्रिंटरची तक्रार थोड्यांचीच होती. बहुतेकांचं ई-वे बिलाच्या भाग ब मध्ये गाडीचा नंबर भरायचा राहिलेला असायचा, म्हणून बटण बंद दिसायचं, आणि का बंद आहे हे स्क्रीन सांगत नव्हती. बेत मॅनेजरनेच बदलला, तो अधिकार त्याचाच. पण ती रेकॉर्डिंग कोणी ऐकलीच नसती, तर दोन महिने वाया गेले असते.

त्यानंतर तिने ‘ॲक्टिव्ह ग्राहक’ हा शब्द धरला. सेल्स पैसे भरलेल्यांना मोजायचं, मॅनेजर लॉगिन करणाऱ्यांना. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं: मागच्या 30 दिवसांत निदान एक बिल्टी केलेला. तेव्हापासून आकड्यावरची भांडणं संपली आणि त्यामागच्या कारणावर बोलणं सुरू झालं.

या तऱ्हेत एक धोका आहे आणि तो मला बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो. दर आठवड्याला तयार सारांश मिळायला लागला, तसे मॅनेजर स्वतः फोन लावेनासे झाले. ग्राहक त्यांना कागदावरच भेटायला लागला. मग नियम केला: आठवड्याला दोन कॉल स्वतः ऐकायचे आणि महिन्यातून एकदा वाडीत जाऊन बसायचं. हा नियम पाळायची तयारी नसेल, तर वेगळा माणूस नेमूच नका, असं मी स्पष्ट सांगेन. महागडं टूल आधी घेऊन माणूस नंतर शोधणं तर नकोच.

चार किंवा जास्त मॅनेजर असतील आणि एकाच प्रश्नाला तुमच्याच ऑफिसात तीन उत्तरं मिळत असतील, तर माझा कौल वेगळ्या माणसाला. तो पुण्याहून आणायच्या आधी आपल्याच सपोर्टमध्ये आणि ग्राहकाकडे जाऊन सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्यांमध्ये शोधा. डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, एसक्यूएल, तीन महिन्यांत शिकवता येते. इतवारीतला व्यापारी अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलताना नेमकं कुठे अडलाय, हे ओळखणारा कान तयार व्हायला वर्षं लागतात. हा माणूस एका मॅनेजरच्या हाताखाली ठेवू नका, थेट प्रॉडक्टच्या प्रमुखाकडे ठेवा, नाहीतर तो त्या एकाचा मदतनीस होऊन बसतो. पहिल्या 90 दिवसांत काम एकच द्या.

आणि नेमणुकीच्या आधी एक आठवडा प्रत्येक मॅनेजरकडून लिहून घ्या की त्याचे तास कुठे गेले: ग्राहकाशी बोलण्यात किती, आकडे गोळा करण्यात किती, तेच उत्तर पुन्हा पुन्हा देण्यात किती. 90 दिवसांनी तोच आठवडा परत लिहून घ्या. आमच्याकडे ती पहिली नोंद झाली नव्हती. त्यामुळे आमच्या त्या सहकारीच्या कामाने काय बदललं हे पगारवाढीच्या वेळी विचारलं गेलं, तेव्हा सगळ्यांना माहीत असूनही आकड्यांत दाखवता आलं नाही.